शिक्षेची वर्षे नंतर वाढवा, आधी पकडले जाण्याची खात्री वाढवा

प्रति,
रस्ते वाहतुकीचे कायदे करणारे सर्व लोकप्रतिनिधी आणि त्या कायद्यांचे मसुदे लिहिणारे अधिकारी

स. न. वि. वि.

दारू पिऊन किंवा नशा करून गाडी चालवणाऱ्याने कुणाचा जीव घेतला की सभागृहात एकच मागणी होते, कायदा कडक करा. या मागणीला आमचा मनापासून पाठिंबा आहे. मात्र ‘कडक’ म्हणजे काय हे ठरवताना बहुतेक मसुद्यांत दोनच आकडे बदलतात, कैदेची वर्षे आणि दंडाची रक्कम. श्वासाची चाचणी, रक्ताचे नमुने, प्रयोगशाळेचे अहवाल आणि त्यांवर चालणारे खटले हे आमचे रोजचे काम आहे. प्यायलेला चालक सुटतो तो शिक्षा कमी आहे म्हणून नाही. त्याला रस्त्यात कुणी थांबवत नाही. थांबवले तर त्याच्या अंगातली दारू धड मोजली जात नाही. मोजली तरी तो आकडा न्यायालयात टिकत नाही. कायदा कडक करायचा तो या ठिकाणी करा. कसा, ते सविस्तर सांगण्यासाठी हे पत्र.

सुरुवात मर्यादेपासून करू. रक्तातले अल्कोहोल दर १०० मिलिलिटरला इतके मिलिग्रॅम असे मोजतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये ही मर्यादा १९६७ पासून ८० आहे, युरोपातल्या बहुतेक देशांत ५०, भारतात ३०, नॉर्वे आणि स्वीडनमध्ये २०. नुसता आकडा खाली आणून भागत असते तर भारतातले रस्ते इंग्लंडपेक्षा सुरक्षित असायला हवे होते. स्कॉटलंडने ५ डिसेंबर २०१४ रोजी मर्यादा ८० वरून ५० केली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली आलेल्या अभ्यासात त्यामुळे अपघात कमी झाल्याचे दिसले नाही, आणि बदलाला पुरेशा तपासणीची जोड मिळाली नसावी असे अभ्यासकांनी म्हटले. अमेरिकेतल्या युटा राज्याने ३० डिसेंबर २०१८ पासून नेमका हाच बदल केला. तिथे २०१९ मध्ये प्राणघातक अपघातांचा दर २०१६ च्या तुलनेत जवळपास २० टक्क्यांनी खाली आल्याचे केंद्रीय वाहतूक सुरक्षा यंत्रणेच्या अभ्यासात आढळले. युटात कायदा मंजूर झाल्यापासून लागू होईपर्यंत पावणेदोन वर्षे गेली आणि तेवढा काळ त्यावर जाहीर वाद चालू होता. नियम बदलतोय हे लोकांच्या कानावर वारंवार पडत होते.

तरीही मर्यादा ५० च्या वर नसावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहरात केलेला अभ्यास १९६४ मध्ये आला. अपघातात सापडलेल्या चालकांची आणि त्याच रस्त्यांवरून सुखरूप गेलेल्या चालकांची त्यात तुलना होती. तेव्हापासून हीच पद्धत सुधारून वापरली जाते. नंतरच्या अमेरिकी अभ्यासांत न प्यायलेल्याच्या तुलनेत अपघाताचा धोका ५० ला साधारण १.४ पट, ८० ला २.७ पट, १०० ला पाचपटीच्या जवळ आणि १५० ला वीसपटीहून जास्त निघाला. रेषा सरळ चढत नाही, शेवटी उभी उठते. म्हणून कायद्यात एकच पायरी ठेवणे चुकीचे. ५५ वर सापडलेला आणि १८० वर सापडलेला एकाच कलमाखाली, एकाच दंडावर सुटता कामा नये. १५० च्या वरचा वेगळा गुन्हा करा. नवशिके चालक आणि प्रवासी किंवा जड मालवाहू गाड्यांचे चालक यांच्यासाठी मर्यादा २० ठेवा. तिथे ‘शून्य’ लिहिण्याचा मोह होतो, तो टाळा. प्रत्येक यंत्राला मोजमापाची थोडी अनिश्चितता असते, काही औषधांतही अल्कोहोल असते. शून्याचे कलम पहिल्याच खटल्यात त्या फटीतून फुटते.

५० म्हणजे किती दारू, याचा हिशेब स्वीडिश शास्त्रज्ञ विडमार्क यांच्या १९३२ च्या सूत्राने होतो. ४० टक्के अल्कोहोलची ६० मिलि दारू घेतली तर त्यात २४ मिलि, म्हणजे सुमारे १९ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. शरीराचे वजन पुरुषासाठी ०.६८ ने आणि स्त्रीसाठी ०.५५ ने गुणायचे, त्याने या ग्रॅमना भागायचे आणि उत्तराला १०० ने गुणायचे. ७० किलोच्या पुरुषाच्या रक्तात उपाशीपोटी साधारण ४० चा आकडा येतो, ५५ किलोच्या स्त्रीच्या रक्तात साठाच्या वर. पेला तोच, पण एक जण मर्यादेत आणि दुसरी बाहेर. म्हणून जनजागृतीच्या फलकांवर ‘इतके पेग चालतील’ असे काहीही छापू नका.

उतरण्याचा वेगही माणसागणिक बदलतो. तासाला १० ते २० या दरम्यान, सरासरी १५. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची अंघोळ यांपैकी कशानेही तो वाढत नाही. मध्यरात्री १८० वर असलेला माणूस झोपून उठला, आवरले, सकाळी ८ वाजता गाडीत बसला, तेव्हाही त्याच्या रक्तात ६० शिल्लक असते. त्याला स्वतःला ताजेतवाने वाटत असते, हा त्यातला सगळ्यात घातक भाग. तपासणी फक्त रात्री ११ ते २ या वेळेत होत असेल तर हा चालक तुमच्या हाती कधीच लागणार नाही.

आता थांबवण्याविषयी. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९६७ मध्ये श्वासचाचणीचा कायदा आला तेव्हा पहिल्या वर्षात अपघाती मृत्यू ठळकपणे घटले, विशेषतः शनिवार-रविवारच्या रात्रींचे. पुढे ही घट विरत गेली. कायदा बदलला नव्हता, शिक्षाही कमी झाली नव्हती. पकडले जाण्याची शक्यता आपल्याला वाटली होती त्याहून बरीच कमी आहे, हे चालकांच्या अनुभवाला आले, एवढेच. याउलट ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने १७ डिसेंबर १९८२ पासून संशय असो वा नसो, कुठल्याही चालकाला थांबवून फुंकायला लावण्याचा अधिकार पोलिसांना दिला आणि तो मोठ्या प्रमाणावर, वर्षानुवर्षे वापरला. तिथली घट टिकली. ऑस्ट्रेलियात आज मान्य असलेले प्रमाण असे की वर्षाकाठी जितके परवानाधारक, साधारण तितक्या चाचण्या व्हाव्यात. तुमच्या मसुद्यात असा एखादा आकडा आहे का, ते पाहा. नसेल तर कैदेची वर्षे कितीही वाढवा, चालकाच्या डोक्यातला हिशेब बदलणार नाही.

संशय आल्यावरच चाचणी, अशी अट अनेक कायद्यांत आहे. ती काढून टाका. तोंडाचा वास हा भरवशाचा पुरावा नाही. शुद्ध अल्कोहोलला वास बेताचाच असतो. येतो तो पेयातल्या इतर घटकांचा, आणि बडीशेप, पान, च्युइंगगम यांनी तो सहज झाकतो. शिवाय रोज पिणाऱ्याचे शरीर सरावलेले असते. १५० वर असूनही तो नीट बोलतो, कागद काढून देतो, सरळ उभा राहतो. डगमगतो तो कधीतरी पिणारा. म्हणजे नजरेने निवड केली की सर्वांत धोकादायक माणूसच पुढे निघून जातो.

नाकाबंदी कशी असावी हे नियमांत लिहून द्या, अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडू नका. प्रत्येक गाडी थांबवावी. रहदारी फार असेल तर दर पाचवी किंवा दर दहावी, आणि तो क्रम नाकाबंदी लागण्यापूर्वी वहीत नोंदवलेला असावा. चेहरा, गाडीची किंमत, वेश पाहून निवड होऊ नये. एका जागी ३० ते ४५ मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये, कारण तेवढ्या वेळात फोनवर निरोप फिरतात. मुख्य नाकाबंदीच्या अलीकडे जी गल्ली फुटते तिथे दोघांचे छोटे पथक उभे असावे. नाकाबंदी पाहून वळणारी गाडी तिथेच सापडते. प्रत्येक चालकासाठी नवी नळी, त्याच्यासमोर पाकिटातून काढलेली. आठवड्यातून निदान एक तपासणी सकाळी ६ ते ९ या वेळेत.

तोडपाण्याचा प्रश्नही इथेच येतो आणि त्यावर उघडपणे बोलायला हवे. दंड जितका मोठा, तितका रस्त्यातच मिटवून टाकण्याचा मोह दोन्ही बाजूंना जास्त. त्यावर उपाय यंत्रात आहे. प्रत्येक फुंकरीला आपोआप अनुक्रमांक, तारीख, वेळ आणि ठिकाण पडले पाहिजे, ती नोंद पुसता येता कामा नये, आणि रात्रीच्या शेवटी यंत्रातल्या एकूण फुंकरी, वापरलेल्या नळ्या आणि फाडलेल्या पावत्या यांचा मेळ बसला पाहिजे. यंत्रात ४१२ क्रमांकाची फुंकर ११० दाखवते आणि तिच्यासमोर गुन्ह्याची नोंद नाही, तर त्याचे उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी लेखी मागितले जावे. शिक्षा वाढवणारे आणि ही तरतूद न करणारे विधेयक लाचेचा दर तेवढा वाढवते.

यंत्रांविषयी थोडे खोलात जावे लागेल, कारण बरेच खटले इथे पडतात. स्वस्त यंत्रांत सेमीकंडक्टर सेन्सर असतो. तो अल्कोहोलखेरीज सिगारेटच्या धुराला, मधुमेही किंवा उपाशी माणसाच्या श्वासातल्या ॲसिटोनला, हवेतल्या ओलाव्यालाही प्रतिसाद देतो. असे यंत्र सरकारी खरेदीत बसूच नये. रस्त्यावरच्या चाचणीला फ्युएल सेलचे यंत्र हवे. त्यात प्लॅटिनमच्या पत्र्यांवर अल्कोहोलचे रासायनिक ज्वलन होते आणि त्यातून निघणारा विद्युतप्रवाह मोजला जातो. ॲसिटोनला ते जुमानत नाही. न्यायालयात मांडायचा आकडा मात्र ठाण्यातल्या किंवा तपासणी गाडीतल्या मोठ्या यंत्राचा असावा, ज्यात इन्फ्रारेड प्रकाशाने मोजणी होते आणि दोन स्वतंत्र फुंकरी घेतल्या जातात. दोन्हींत ठरावीक फरकापेक्षा जास्त अंतर निघाले तर तिसरी घ्यायची, आणि चालकाच्या बाजूने विचार करून कमी आकडा धरायचा.

फुंकर कशी घेतली यावर सारे अवलंबून आहे. नुकताच घोट घेतला असेल, ढेकर आली असेल, माउथवॉश किंवा खोकल्याचे औषध घेतले असेल तर तोंडातले अल्कोहोल थेट यंत्रात जाते आणि आकडा भलताच चढतो. म्हणून पुराव्याच्या चाचणीपूर्वी १५ मिनिटे चालकाला काही खाऊ-पिऊ न देता नजरेसमोर बसवावे लागते. ती १५ मिनिटे कुठून कुठपर्यंत हे लिहावे लागते. फुंकर एका दमात, न थांबता, फुफ्फुसाच्या तळातली हवा येईपर्यंत हवी. वरवर फुंकले तर आकडा खरा त्याहून कमी येतो, आणि सराईत चालकांना हे ठाऊक असते. तपासणाऱ्याने हातांना अल्कोहोलचे सॅनिटायझर लावून लगेच नळी हाताळली तर त्याची वाफही मोजली जाते. यंत्राची पडताळणी ३४ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या प्रमाणित द्रावणाच्या वाफेने किंवा प्रमाणित वायूच्या सिलिंडरने होते. ३४ यासाठी, की तोंडातून बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान तेवढे धरलेले आहे. या पडताळणीचे प्रमाणपत्र किती दिवस ग्राह्य, हे कायद्यातच लिहा. मुदत संपलेल्या यंत्रावर घेतलेली चाचणी म्हणजे आरोपीच्या वकिलाला आयते दिलेले निकालपत्र.

श्वासातल्या आकड्याचे रक्तातल्या आकड्यात रूपांतर करण्याचा आग्रह सोडलेला बरा. रूपांतर २१०० ला १ या गुणोत्तराने करतात, म्हणजे २१०० मिलिलिटर श्वासात जितके अल्कोहोल तितके १ मिलिलिटर रक्तात असे धरतात, काही देशांत २३०० ला १ ने. आणि हे गुणोत्तर माणसागणिक हलते. इंग्लंड आणि वेल्समध्ये रक्तासाठी ८० मिलिग्रॅम आणि श्वासासाठी १०० मिलिलिटरला ३५ मायक्रोग्रॅम अशा दोन वेगळ्या मर्यादा कायद्यात लिहिल्या आहेत. दोन्ही स्वतंत्र, त्यामुळे गुणोत्तरावर वाद घालायला जागा उरत नाही. तुम्हीही तसेच लिहा.

रक्ताचा नमुना घेताना होणाऱ्या चुका वर्षानुवर्षे त्याच आहेत. सुई टोचण्यापूर्वी त्वचा स्पिरिटच्या बोळ्याने पुसली जाते. खटल्यात पहिला प्रश्न त्यावरच येतो. अल्कोहोल नसलेले जंतुनाशक वापरायचे. नमुना राखाडी झाकणाच्या नळीत घ्यायचा. तिच्यात सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेट असते. ऑक्झलेट रक्त गोठू देत नाही, फ्लोराइड जंतूंना आवरते. फ्लोराइड नसेल किंवा अपुरे असेल आणि नमुना उष्ण जागी पडून राहिला, तर रक्तातल्या साखरेवर जगणारे यीस्ट नळीतच अल्कोहोल तयार करू शकते, आणि उलट, असलेले अल्कोहोल कमीही होऊ शकते. नळी पूर्ण भरायची, आठ-दहा वेळा हळुवार उलटी-सुलटी करायची, सील करायची, नमुना घेतल्याची वेळ मिनिटासह लिहायची, ४ अंशांवर ठेवायची. त्याच वेळी दुसरी नळी भरून आरोपीला त्याच्या खर्चाने स्वतंत्र तपासणीचा हक्क द्या. न्यायाचा भाग म्हणून हा हक्क हवाच. शिवाय एकदा तो दिला की ‘नमुना बदलला’ हा आरोप पुढे टिकत नाही.

रुग्णालयाचा जो आकडा असतो तो बहुधा रक्तद्रवाचा, म्हणजे रक्तपेशी वगळून उरणाऱ्या द्रवाचा असतो, संपूर्ण रक्ताचा नसतो. रक्तद्रवात पाणी जास्त, म्हणून तोच नमुना तिथे १२ ते १८ टक्के जास्त दाखवतो. हा फरक न कळल्यामुळे ५५ चा आकडा घेऊन खटला भरला जातो आणि प्रत्यक्षात माणूस ५० च्या आत असतो. दोन आकड्यांची गल्लत होऊ नये म्हणून कायद्याने फक्त संपूर्ण रक्ताचा आणि वायू क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजण्याच्या पद्धतीने, दोन वेगळ्या स्तंभांवर मोजलेला आकडाच ग्राह्य धरावा.

अपघातानंतर चालक जखमी किंवा बेशुद्ध असेल तर काय? बहुतेक ठिकाणी या प्रश्नाला कायद्यात उत्तर नाही. डॉक्टर जीव वाचवण्यात गुंतलेले असतात, आणि कागदावर ‘तोंडाला दारूचा वास’ एवढीच ओळ येते. ब्रिटनने २००२ मध्ये यावर तोडगा काढला. बेशुद्ध चालकाचा नमुना डॉक्टरांनी घेऊन ठेवायचा, पण शुद्धीवर आल्यावर त्याने परवानगी दिल्यावरच तो तपासायचा. परवानगी नाकारली तर नाकारण्याचा गुन्हा लागतो. शरीरावरचा हक्क आणि पुरावा, दोन्ही यात जपले जातात.

शिक्षा वाढवताना हमखास निसटणारी गोष्ट म्हणजे पळ काढण्याचा फायदा. प्यालेल्या अवस्थेत जीव गेला तर दहा वर्षे, आणि जखमीला टाकून पळाला तर दोन, असे आकडे शेजारी असतील तर कायदाच चालकाला पळायला सांगतो. तो घरी जातो, दारू उतरू देतो, दुसऱ्या दिवशी वकिलासह हजर होतो. दुसरी युक्ती म्हणजे घरी जाऊन आणखी पिणे आणि ‘अपघातानंतर घाबरून प्यायलो’ असे सांगणे. म्हणून पळून जाणे आणि चाचणीला नकार देणे या दोन्हींची शिक्षा प्यायल्याच्या सर्वांत वरच्या पायरीएवढी करा. कॅनडाने २०१८ मध्ये गुन्ह्याची व्याख्याच बदलली. गाडी चालवल्यानंतर दोन तासांच्या आत मर्यादेवर असणे हाच गुन्हा ठरवला, आणि नंतर प्यायलो म्हणण्याची वाट बरीचशी बंद केली.

अमली पदार्थ आणि गुंगी आणणारी औषधे यांच्याकडे आम्ही तुमचे लक्ष सर्वांत जास्त वेधू इच्छितो, कारण इथे घाईने लिहिलेला कायदा निरपराधाला पकडतो आणि अपराध्याला सोडतो. दारूसारखाच एक आकडा गांजासाठी लिहून मोकळे व्हावे असे वाटते. पण अल्कोहोल पाण्यात विरघळून सगळ्या शरीरात सारखे पसरते, म्हणून रक्तातला आकडा आणि मेंदूवरचा परिणाम बऱ्यापैकी जुळतात. गांज्यातले टीएचसी, म्हणजे त्यातले नशा आणणारे रसायन, चरबीत साठते. ओढताना रक्तातले प्रमाण झपाट्याने वर जाते आणि तासा-दोन तासांत बरेचसे खाली येते, तरी गुंगी टिकून असते. खाऊन घेतले तर रक्तातला आकडा लहान आणि परिणाम उशिरा, पण लांबलेला. रोज ओढणाऱ्याच्या रक्तात मात्र अनेक दिवस न ओढताही थोडे टीएचसी सापडू शकते. लघवीच्या चाचणीत दिसते ते तर बहुधा निरुपद्रवी विघटित रूप, आणि ते नियमित सेवन करणाऱ्यात आठवडेच्या आठवडे टिकते. लघवीच्या अहवालावर गाडी चालवण्याचा गुन्हा लावणे सर्वस्वी गैर आहे. ‘त्याने कधीतरी गांजा घेतला’ एवढेच त्यातून कळते.

वेगवेगळ्या देशांनी यावर वेगवेगळे मार्ग काढले. इंग्लंड आणि वेल्समध्ये २ मार्च २०१५ पासून पदार्थांच्या यादीतल्या प्रत्येकाला स्वतंत्र मर्यादा आहे. बेकायदा पदार्थांसाठी ती अगदी खाली ठेवली आहे, टीएचसीला लिटरमागे २ मायक्रोग्रॅम. आणि डायझेपामसारख्या औषधांसाठी बरीच वर, ५५०. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे औषध घेतले आणि गाडी नीट चालत होती, तर कायदेशीर बचाव उपलब्ध आहे. नॉर्वेने २०१२ मध्ये २० पदार्थांसाठी मर्यादा ठरवल्या त्या अल्कोहोलच्या २० मिलिग्रॅमच्या परिणामाशी जुळवून. जर्मनीने ऑगस्ट २०२४ मध्ये टीएचसीची मर्यादा रक्तद्रवात मिलिलिटरमागे १ वरून ३.५ नॅनोग्रॅम केली आणि त्याच वेळी त्या मर्यादेवर असताना दारूही घेणे वेगळे दंडनीय ठरवले. ही शेवटची तरतूद आम्हाला फार मोलाची वाटते. थोडी दारू आणि थोडा गांजा एकत्र आले की चालकाचे भान पुष्कळच जास्त सुटते.

आमची सूचना अशी. दोन कलमे करा. एकात मर्यादेचा आकडा, तोही वैज्ञानिक समितीने ठरवलेला आणि दर तीन वर्षांनी तपासला जाणारा. दुसऱ्यात प्रत्यक्ष गुंगीचा गुन्हा, ज्याला आकड्याची गरज नाही पण ठरावीक निरीक्षणांची नोंद लागते. भारतासह अनेक देशांच्या कायद्यांत अमली पदार्थांबाबत ‘गाडीवर योग्य ताबा ठेवण्यास असमर्थ’ अशा अर्थाचे शब्द आहेत. ते शब्द सिद्ध कसे करायचे, हे मात्र तिथे स्पष्ट केलेले नसते. त्यासाठी प्रशिक्षित तपासनीस लागतो. डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार उजेडात आणि अंधारात, नजर बाजूला नेताना बुबुळांचे थरथरणे, रेषेवर नऊ पावले चालणे आणि वळणे, एका पायावर ३० सेकंद उभे राहणे, नाडी, रक्तदाब, आणि हे सगळे छापील तक्त्यावर, शक्य तर चित्रीकरणासह. बुबुळांचे थरथरणे अल्कोहोलसाठी चांगले निदर्शक आहे, गांज्यासाठी नाही. एका पायाचा दुखणेकरी, वयस्कर किंवा खूप लठ्ठ माणूस चालण्याच्या चाचणीत नापास होऊ शकतो. तक्त्यात त्यासाठी रकाना हवा.

रस्त्यावर लाळेची पट्टी वापरायला ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने डिसेंबर २००४ मध्ये सुरुवात केली. जीभ आणि गालाच्या आतून नमुना, काही मिनिटांत निकाल. ती अलीकडचे सेवन दाखवते, हा तिचा मोठा गुण. मर्यादाही आहेत. गांजा ओढणाऱ्याचे तोंड कोरडे पडते आणि पुरेशी लाळ मिळत नाही. टीएचसी पट्टीच्या प्लास्टिकला चिकटते. कृत्रिम गांज्याची नवनवी रसायने पट्टीला ओळखता येत नाहीत. म्हणून पट्टीचा निकाल फक्त पुढच्या चाचणीचे कारण ठरावा, पुरावा नव्हे. पुरावा प्रयोगशाळेतल्या मास स्पेक्ट्रोमीटरचाच, म्हणजे रेणूंच्या वजनावरून पदार्थ ओळखणाऱ्या यंत्राचा.

औषधे घेणाऱ्यांना गुन्हेगार ठरवण्याआधी त्यांना कळवण्याची जबाबदारी कायद्याने घ्यावी. सर्दीच्या जुन्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, तीव्र वेदनाशामके यांनी प्रतिक्रिया मंदावते. झोल्पिडेम या झोपेच्या औषधाचा अंश सकाळपर्यंत राहून गाडी चालवण्यावर परिणाम करतो, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये स्त्रियांसाठी सुरुवातीची मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅम केली. फ्रान्समध्ये अशा औषधांच्या खोक्यावर तीन पातळ्यांचे त्रिकोणी चिन्ह छापतात. छापील चिन्हाला फार खर्च येत नाही.

शिक्षेबद्दल शेवटी लिहितो आहोत, कारण तिचा क्रम तोच आहे. तीन वर्षांनी येणाऱ्या मोठ्या शिक्षेपेक्षा त्याच रात्री जाणारे लायसन्स जास्त परिणाम करते. पुराव्याची चाचणी मर्यादेवर आली की परवाना जागीच तात्पुरता निलंबित व्हावा, आणि सात दिवसांत त्याविरुद्ध सुनावणी मागता यावी. पुन्हा पुन्हा सापडणाऱ्यांसाठी अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्याचा २००५ पासूनचा कार्यक्रम अभ्यासण्यासारखा आहे. दिवसातून दोनदा श्वासचाचणी. एकदा चुकली किंवा दारू आढळली की लगेच एक-दोन दिवस कोठडी. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हा कार्यक्रम राबवणाऱ्या परगण्यांत पुन्हा मद्यपान करून गाडी चालवल्याच्या अटका १२ टक्क्यांनी आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या अटका ९ टक्क्यांनी घटल्याचे दिसले.

इग्निशन इंटरलॉक म्हणजे फुंकल्याशिवाय सुरूच न होणारी गाडी. बसवलेले असेपर्यंत ते फार प्रभावी आहे. काढले की परिणाम बहुतांशी संपतो. म्हणून ते तारखेवर काढू नका. सलग सहा महिने एकही अडलेली फुंकर नसेल तरच काढण्याची परवानगी द्या. सोबत कॅमेरा हवा, नाहीतर दुसऱ्याला फुंकायला लावले जाते. आणि चालू गाडीत मधूनमधून पुन्हा फुंकर मागणारी रचना हवी. व्यसन जडलेल्याला उपचाराशी जोडल्याविना यांतले काहीच पुरत नाही. परवाना परत देताना रक्तातल्या पीईटीएचची, म्हणजे दारू प्यायल्यावर शरीरात तयार होणाऱ्या एका पदार्थाची, चाचणी घ्या. मागच्या दोन-चार आठवड्यांतल्या पिण्याचा माग ती देते.

एक विनंती कलमाच्या तारखेबद्दल. नवे कलम कधी लागू होणार ही तारीख प्रयोगशाळांच्या तयारीशी बांधा. रक्ताचा अहवाल ३० दिवसांत देण्याइतकी यंत्रे आणि रसायनतज्ज्ञ नसताना नमुने तिप्पट झाले तर फडताळांत नळ्यांचे ढीग साचतात, वर्षाने तपासलेल्या नमुन्यातले अल्कोहोल कमी झालेले असते, आणि ज्याच्या गाडीखाली कुणी गेले तो पुराव्याअभावी सुटतो. दर तिमाहीला किती थांबवले, किती तपासले, किती मर्यादेवर निघाले, किती अहवाल वेळेत आले आणि किती दोषी ठरले, हे आकडे जिल्हावार प्रसिद्ध करण्याचे बंधनही त्याच कलमात घाला. विधेयक समितीसमोर येईल तेव्हा यंत्रे, नळ्या आणि अहवालांचे नमुने घेऊन प्रात्यक्षिकासह हजर राहण्याची आमची तयारी आहे.

आपले,
श्वास व रक्त चाचणी, विषशास्त्र आणि वाहतूक तपासणीच्या कामातील काही जण